तीन वर्षं न सोललेला पापुद्रा

अरे, हातातलं ठेव आधी आणि ऐक. आज सकाळी या घरात जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं थंड होणार नाही. आणि थंड ठेवणं हाच माझा धंदा आहे, तेव्हा मी किती तापलो असेन ते तूच समज.

मी हीटसिंक बोलतोय. ओळखलं नाहीस ना? वाटलंच. कॉम्प्युटर घेताना लोक सतरा चौकशा करतात. मेमरी किती, स्क्रीन केवढा, आत रंगीत दिवे लागतात का. माझी चौकशी कुणी करत नाही. डेस्कटॉपचा डबा उघडलास की मधोमध एक पंखा दिसतो बघ, आणि त्याच्या मागे पातळ पत्र्यांची चळत, वहीची पानं उभी धरावीत तशी. तो मी. माझ्या पोटाखाली प्रोसेसर बसतो. कॉम्प्युटरचं सगळं डोकं त्या बिस्किटाएवढ्या चौकोनात. तो विचार करतो आणि तापतो. त्याची उष्णता मी ओढून घ्यायची, सगळ्या पत्र्यांत पसरवायची आणि पंख्यानं ती फुंकून टाकायची. संपलं काम. पण हे जमलं नाही तर तो जळेल, म्हणून जीव वाचवायला तो मशीनच बंद पाडतो. मग लोक डब्यावर चापट मारतात.

माझा जन्म एका कारखान्यातला. पत्रे कापले, ओळीत बसवले आणि तळाला तांब्याची चकती लावली. ती इतकी घासली, इतकी घासली की आरसा झाला. तिथली माल तपासणारी बाई माझ्या तळात बघून केस सारखे करायची, खोटं नाही सांगत. मग तिनं त्या आरशावर एक पारदर्शक फिल्म चिकटवली. प्रवासात ओरखडा पडू नये म्हणून. फिल्मवर बारीक लाल अक्षरं होती: बसवण्यापूर्वी हे काढा. कुठल्याशा परक्या भाषेत होती, पण होती. बाईनं अंगठ्यानं आतले बुडबुडे काढले आणि मला खोक्यात झोपवलं.

ती फिल्म लक्षात ठेव. सगळं रामायण त्या फिल्मचं आहे.

मी आलो तो या घरात. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीशी टेबल. घरात तिघं. बाबा म्हणजे मेकॅनिक. तीस वर्षं त्यांचं रेडिओ, टीव्ही, मिक्सर दुरुस्त करायचं दुकान होतं. लोकांनी दुरुस्त करणं सोडून फेकून देणं सुरू केलं तेव्हा दुकान बंद झालं आणि पक्कड-पान्हे घरी आले. आई एका शाळेच्या ऑफिसात कामाला. आणि त्यांची मुलगी. तिचं खरं नाव मी कधी ऐकलंच नाही, सगळे तिला भिंगरी म्हणतात. एका जागी बसत नाही म्हणून. बसते ती फक्त माझ्यासमोर.

आता या घराची गंमत सांगतो. गंमत कसली, डोंबल. या घरात कुठल्याही वस्तूचं प्लास्टिक कुणी सोलत नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत, वरून दोन रबरबँड. कॅल्क्युलेटरच्या काचेवर दुकानातली फिल्म तशीच, तिच्यात मोठा बुडबुडा, त्यामुळे आठ आणि तीन सारखेच दिसतात. फ्रिजच्या दारावरची निळी पट्टी इतकी वर्षं आहे की ती आता फ्रिजचाच रंग वाटते. ही बाबांची शिस्त. दुकानातली. नवीन भाग घातला तरी त्यावरची पट्टी त्यांनी कधी काढली नाही. म्हणायचे, "सोलायचा मान गिऱ्हाइकाचा. आपण सोलला की वस्तू जुनी झाली."

आई एकदा म्हणाली होती, "या घरात माणसं सोडून सगळ्यांना प्लास्टिक आहे."

"म्हणून वस्तू टिकल्यात," बाबा म्हणाले.

"आणि माणसं?"

"ती काय, वॉरंटीतच आहेत अजून."

हसलास ना? मलाही हसू आलं असतं. पण त्या शिस्तीखाली मी तीन वर्षं भाजून निघालोय, म्हणून येत नाही.

भिंगरीचा कोर्स संपला. ती घरांचे व्हिडिओ बनवायला शिकली होती. म्हणजे घर बांधायच्या आधीच ते आतून कसं दिसेल, ऊन कुठून येईल, जिना कसा वळेल, हे सगळं कॉम्प्युटरवर चालतंबोलतं करून दाखवायचं. त्याला दणकट मशीन लागतं. सुटे भाग आले. भिंगरी म्हणाली, "बाबा, दुकानातूनच जोडून घेऊ या ना."

"दुकानातून? मग मी तीस वर्षं काय माशा मारल्या?"

"तसं नाही म्हणत मी. पण हे रेडिओसारखं नसतं."

"स्क्रू तेच, हात तेच. बस तू."

झालं. जुन्या चादरीवर सगळं मांडलं. आणि खरं सांगतो, माणूस हुशार आहे. सगळं बरोबर केलं. प्रोसेसर फुंकर न मारता अलगद बसवला. मग मला खोक्यातून काढलं, उलटं केलं आणि माझ्या तळात स्वतःचं तोंड पाहिलं.

"काय पॉलिश केलंय लेकाच्यांनी," ते म्हणाले. फिल्मच्या कडेला नख लावलं. मी म्हटलं, सुटलो. आणि त्यांनी नख काढून घेतलं. "राहू दे. ओरखडा पडायचा उगाच."

अरे, राहू दे? मी काय दिवाणखान्यात ठेवायची फुलदाणी आहे का?

आता बघ, धातू कितीही घासला तरी त्यात बारीक खाचखळगे राहतात. त्यात हवा अडकते आणि हवा म्हणजे उष्णतेला घातलेली रजई. म्हणून प्रोसेसर आणि माझ्यामध्ये राखाडी पेस्ट लावतात, वाटाण्याएवढी. ती खळगे भरते आणि उष्णता सरळ माझ्यात येते. बाबांनी पेस्ट अगदी मापात लावली. मला वरून दाबलं, स्क्रू तिरके तिरके पिळले, एक इकडचा, एक तिकडचा, म्हणजे दाब सारखा पडतो. पाठ्यपुस्तकात फोटो छापावा असं काम. फक्त पेस्टच्या आणि माझ्यामध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. सांगायला नको, डब्याच्या बाजूची काच होती तिच्यावरची फिल्मही तशीच ठेवली. त्यामुळे मला बाहेरचं जग तीन वर्षं धुक्यात दिसत आलंय.

ज्याच्यासाठी मला बनवलं तो माझ्या पोटाला टेकून होता आणि आम्ही एकदाही एकमेकांना शिवलो नव्हतो. तो तापायचा, मला कळायचं, पण पोचायचं अर्धंच. बंद दारापलीकडे कुणी हाका मारतंय आणि तुझ्या हाताला कडी लागत नाहीये. कसं वाटेल?

पहिलं वर्ष निभावलं. भिंगरी तेव्हा अर्ज लिहायची, लहानसहान चित्रं करायची. मग खरी कामं यायला लागली आणि माझ्या पंख्याचा घसा बसला. प्रोसेसर तापला की पंख्याला हुकूम सुटतो, जोरात फिर. तो बिचारा जीव तोडून फिरायचा, पण माझ्यात उष्णताच येत नव्हती तर फुंकणार काय? नुसता आरडाओरडा.

आई म्हणाली, "विमान सुटतंय का आतून?"

बाबा आले, कान लावला आणि पंख्याच्या आसात तेलाचा थेंब सोडला. मी तुला सांगतो ना, तो आवाज म्हणजे माझी तक्रार होती. बोंब मारतोय माणूस, आग लागलीय म्हणून, आणि यांनी त्याला खडीसाखर दिली. घसा बरा हो म्हणून.

मग आईनं डब्याला कव्हर शिवलं. जाड कापडाचं, कडेला नाजूक शिवण. आवाज कमी यावा म्हणून. मशीन चालू असताना घालायचं, हो. आत प्लास्टिकची रजई, वरून पुन्हा गोधडी. त्या दिवशी मला वाटलं, या घरातल्या मायेनंच मी मरणार आहे.

गेल्या वर्षी पहिला दणका बसला. एका ऑफिसनं भिंगरीला व्हिडिओ करायला दिला. तो तयार करायला मशीन सलग चार तास चालायला हवं होतं. ते दर बारा-पंधरा मिनिटांनी बंद पडायचं. पुन्हा चालू, पुन्हा बंद. तिनं मुदत मागितली, मिळाली, तरी झालं नाही. फोन आला. मी ऐकला. ती नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत होती. फोन ठेवून तिनं डब्यावर चापट मारली. माझ्या बाजूलाच.

"मशीनमध्ये काहीतरी चुकलंय, बाबा. एकदा उघडून बघू या?"

"जोडलंय मी. चुकणार काय त्यात?" बाबा म्हणाले. मग डब्याकडे बोट करून, "तो पंख्याखालचा पत्रा आहे ना, तोच फालतू आहे. आजकालचा माल. डबड्याचा पत्रा."

डबड्याचा पत्रा. मला. ज्याच्या तळात लोक भांग पाडायचे त्याला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच. आणि भिंगरी? तिनं मान डोलावली. तिला बाबांचा हात माहीत होता ना. मेकॅनिकच्या हातून चूक होत नाही, हे त्या घरात भिंतीवर लिहिलेलं नाही एवढंच.

आता कालचं ऐक.

त्याच ऑफिसच्या त्याच मॅडमनी तिला पुन्हा बोलावलं होतं. तीन मिनिटांचा व्हिडिओ, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. आवडला तर कायमची नोकरी. नाही आला तर, आणि हे मॅडम स्वच्छ म्हणाल्या, "यानंतर मी तुझं नाव पुढे करू शकणार नाही." म्हणजे कालचा शुक्रवार. भिंगरीनं सगळं काम आधीच संपवलं होतं. उरलं होतं ते फक्त मशीननं गिळून व्हिडिओ बाहेर काढायचं. चार तासांचं काम. सकाळी नऊला सुरू केलं. सव्वानऊला बंद. साडेनऊला बंद. खिडकी उघडली, कव्हर काढलं, टेबलावरचा पंखा डब्याकडे वळवला. पावणेदहाला बंद.

अकराला ती खुर्चीवरून उठली आणि बाबांच्या पेटीतून पेचकस घेतला. आई शाळेत. बाबा आतल्या खोलीत शेजारच्या काकूंचा मिक्सर उघडून बसलेले. तिनं त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा तेच, जोडलंय मी. काच बाजूला केली. पंखा काढला. माझे चार स्क्रू सैल केले, तिरके तिरके, बापासारखेच. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवलं आणि मला उचललं.

उलटं केलं. आणि थांबली.

माझ्या तळावर तो पापुद्रा. तीन वर्षांच्या तापानं पिवळा पडलेला, मधे आक्रसलेला, वर वाळलेल्या पेस्टचा चौकोन आणि त्यातून डोकावणारी बारीक लाल अक्षरं. तिनं फोननं फोटो काढून त्या भाषेचं भाषांतर बघितलं. बघितलं आणि हसली. अगदी वाईट हसली. मग टोकाला नख लावलं आणि सोललं.

काय सांगू तुला. तीन वर्षांनी माझ्या पोटाला वारा लागला.

तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं मला पुसलं, प्रोसेसर पुसला. बाबांच्याच कपाटात पेस्टची उरलेली नळी होती. तोंडाशी थोडी घट्ट झालेली, तेवढी पिळून टाकली तर आत चांगली निघाली. तिनं वाटाण्याएवढी लावली. आणि तेवढ्यात दारात बाबा. हातात मिक्सरचं पातं.

"उघडलंस?"

"हो."

"काय निघालं?"

मित्रा, मी तिच्या हातात होतो. डाव्या हातात मी, उजव्या हातात तो पापुद्रा. मी मनात म्हणत होतो, दाखव. आता दाखव. वर्षभर रडलीस, चापटा मारल्यास, हातातलं काम गेलं. आणि मला डबड्याचा पत्रा म्हणतायत. दाखव त्यांना, डबडं कोण ते.

बाबाच म्हणाले, "पेस्ट वाळली असेल."

आणि तिनं मूठ मिटली.

"हो," ती म्हणाली. "वाळली होती."

"मी म्हटलंच होतं. तो पत्राच हलका आहे, पेस्ट धरत नाही."

"हो, बाबा."

हो बाबा! ऐकलंस? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोरी कोण धरून आहे, तर जिच्यासाठी मी तीन वर्षं जळलो ती. त्या क्षणी मला गरम व्हायला प्रोसेसरची गरज नव्हती.

पण मी कामाला दगा दिला नाही, हे लिहून ठेव. अकरा चाळीसला मशीन सुरू झालं. आधी सत्त्याण्णव अंशांवर जाऊन आचके देणारा प्रोसेसर एकसष्टवर जाऊन बसला, आणि बसूनच राहिला. पंखा गुणगुणत होता नुसता. भिंगरी स्क्रीनवरच्या त्या आकड्याकडे बघत नखं खात होती. सव्वाबारा. एक. दोन. तिला खरंच वाटेना. चारला दहा कमी असताना व्हिडिओ तयार झाला. सव्वाचारला गेला. जेवणाचं ताट सकाळपासून झाकलेलं होतं, ते तिनं तेव्हा ओढलं.

संध्याकाळी आई आली. बाबा तिला ऐटीत म्हणाले, "पेस्ट बदलली, झालं. पत्रा मात्र बदलायला पाहिजे कधीतरी." भिंगरी ताटात बघत होती. आणि तो पापुद्रा? तिनं तो टेबलाच्या खणात टाकला होता. फेकला का नाही, तिला विचार. मला काय माहीत.

आता आजची सकाळ. ऑफिसचा फोन आला, सोमवारपासून या. भिंगरी घरभर नाचली आणि आईला सांगायला गच्चीवर पळाली. बाबांना कालचा पेचकस हवा होता, पेटीत नव्हता. त्यांनी टेबलाचा खण उघडला.

काचेवर फिल्म होती, मला सगळं धूसर दिसत होतं. पण माणूस हलतोय की थांबलाय एवढं कळतं. बाबा थांबले. खूप वेळ थांबले. आपल्या हातानं लावलेली पेस्ट माणूस ओळखतोच ना. मग त्यांनी काहीतरी उजेडाकडे धरलं, पुन्हा खणात ठेवलं आणि खण हळूच लावला. इतका हळू, की त्याचा आवाज आलाच नाही.

मग ते माझ्यापाशी आले. गुडघ्यावर बसले. काचेच्या कोपऱ्याला नख लागलं. चर्रर्र. वरपासून खालपर्यंत एका दमात सोललं.

आणि तीन वर्षांनी मी त्यांना जवळून स्वच्छ पाहिलं. केस इतके पांढरे असतील असं वाटलं नव्हतं. नाकावर नवा चष्मा, आणि त्याच्या भिंगाच्या कोपऱ्यात दुकानातला बारीक स्टिकर. तसाच.

काचेला नाक लावून ते हळूच म्हणाले, "काय रे पत्र्या. बोलायचं नाहीस का?"

बोलायचं नाहीस का! अरे, तीन वर्षं बोंबलत होतो. तुम्हीच तेल घातलंत. तुम्हीच गोधडी घातलीत. आणि आता मलाच विचारता, बोलायचं नाहीस का?

मागे भिंगरी उभी होती. गच्चीवरून आलेली, दम लागलेला. तिनं काच पाहिली. खाली चुरगळलेली फिल्म पाहिली. मग खणाकडे पाहिलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

"काच छान दिसतेय, बाबा," ती म्हणाली.

"हं," ते म्हणाले. "धूळ फार बसली होती."

"हो. धूळ फार होती."

काल पेस्ट, आज धूळ. उद्या म्हणतील वारा वाईट होता. दोघंही खोटं बोलले आणि दोघांनाही माहीत होतं. बाबा उठले, जाता जाता रिमोटचे रबरबँड काढून खिशात घातले, आणि त्याची पिशवीही. भिंगरी माझ्यासमोर बसली आणि काचेवर डोकं टेकवून उगाच बसून राहिली. माझी माफी? कुणी मागितली नाही. एक शब्द नाही. आत्ता मी बेचाळीस अंशांवर आहे, आयुष्यात इतका थंड कधी नव्हतो, आणि तरी माझा संताप जात नाहीये.

म्हणून तुला धरलंय. माझं सोड. तिच्या जागी तू असतास, डाव्या हातात मी, उजव्या हातात तो पापुद्रा आणि दारात तुझा बाप मिक्सरचं पातं घेऊन विचारतोय, काय निघालं? तर तू काय केलं असतंस? मूठ उघडली असतीस?